आतड्याची साक्ष

आत्याबाई, तुमचं सगळंच काही सरणावर गेलं नाही. हातभर आतडं मागं राहिलं. दोन्ही तोंडं दोऱ्यानं बांधून, काचेच्या बरणीत घालून ते आगगाडीनं पुण्याला गेलं. तुम्ही जन्मात कधी गाडीत पाय ठेवला नाहीत. माझ्या माहेरी दुधनीला चला म्हटलं, तर "त्या धुराड्यात बसून मरू व्हय?" म्हणायचात. आणि बघा, कसा प्रवास घडला. हसू नका. मी रडून दमले, म्हणून अशी बोलायला लागलेय.

तुम्हाला जाऊन महिना झाला नाही. अजून बायका येतात, ओट्यावर टेकतात आणि म्हणतात, "म्हातारी लई गुणाची होती गं." कसली गुणाची! तुमच्यासारखी खाष्ट सासू अख्ख्या साखरपेठेत नव्हती. सासूला आत्याबाई म्हणायची रीत, म्हणून म्हणायची, पण मनातल्या मनात मी तुम्हाला काय काय म्हटलंय ते तुम्हाला कळलं असतं, तर मला हातमागाच्या खड्ड्यात पुरलं असतंत. खळ पातळ झाली तर, "दुधनीला पीठ महाग हाय व्हय गं?" घट्ट झाली तर, "सुताला पाजायची हाय, भिंतीला लावायची न्हाय." माझ्या बोलण्यात एक कानडी शब्द आला की दिवसभर माझी नक्कल. मीही काही गप्प बसणारी नव्हते. आपलं भांडण ऐकायला गल्लीला तिकीट लागत नव्हतं.

पण मला मुलगी झाली तेव्हा कुंभारीच्या मामींनी, तुमच्या भावजयीनं, नाक मुरडलं, तर तुम्ही त्यांना तिथल्या तिथं झाडलंत. "पहिली बेटी, धनाची पेटी. तुला काय कळतंय?" तिला पदराखाली घेतलंत ती घेतलीतच. पाजायला तेवढी माझ्याकडं द्यायचात, तेही मी कुणाकडून उसनी नेल्यासारखं. अंग शेकताना माझे पाय दाबायचात आणि तोंडानं शिव्या घालायचात. हे दोन्ही एका वेळी तुम्हालाच जमत होतं.

शेवटचं भांडण पाण्यावरून झालं. नगरपालिकेची दवंडी फिरून गेली होती की आडाचं पाणी पिऊ नका, नळाचं प्या. तुमचं म्हणणं, नळाच्या पाण्याला लोखंडाचा वास येतो. मी म्हटलं, आमच्या दुधनीला बायका खाऱ्या पाण्यासाठी कोस कोस जातात, इथं दारात गोड पाणी येतंय आणि तुम्हाला वास येतोय. तुम्ही माझ्यासमोर आडात पोहरा सोडलात, वर काढलात आणि तांब्या तोंडाला लावलात. मुद्दाम. मला इतका राग आला! मी ओरडले, "प्या! आडाचंच प्या आणि मरा एकदाच्या!" तुम्ही तोंड पुसून म्हणालात, "मरीन की. घाई काय हाय?" आणि आपण दोघीही हसलो. भिंतीपलीकडं शेजारची तेलुगू राजव्वा कांड्यांवर सूत भरत होती. तिला माझं ओरडणं ऐकू गेलं. हसणं काही ऐकू गेलं नाही.

तुमचा लेक लुगडी घेऊन दुधनीच्या बाजाराला गेला होता. घरात आपण दोघी आणि पोर. दोन-तीन दिवसांनी, दुपारी, तुम्ही परसात जाऊन आलात, मग पुन्हा गेलात. दिवे लागले तेव्हा तुम्हाला उभं राहता येत नव्हतं. तांदळाच्या धुवणासारखं नुसतं पाणी वरून आणि खालून जात होतं, आणि पायात गोळे येऊन तुम्ही अशा ओरडत होता की मी तुमच्या तोंडावर पदर धरला. तोही तुम्हीच धरायला सांगितलात. गल्लीला ऐकू जाऊ नये म्हणून.

मी म्हटलं, "आत्याबाई, टांगा आणते. दवाखान्यात जाऊ."

तुम्ही माझं मनगट धरलंत. हाताला बर्फ लागावा तशी बोटं. "न्हाय जायचं. नेलेलं माणूस परत येत न्हाय."

मला ठाऊक होतं तुम्ही काय म्हणताय ते. प्लेगात सासऱ्यांना नगरपालिकेची माणसं गावाबाहेरच्या झोपड्यांत घेऊन गेली होती. तुम्ही ती गोष्ट त्याच त्या शब्दांत सांगायचात, कधी एक अक्षर बदललं नाही. "चालत गेला. कोपऱ्यावरनं हात हालवला. परत धोतरबी आलं न्हाय." आणि माणूस नेला त्याच दिवशी घरातलं सगळं सूत औषधाच्या पाण्यात बुडवलं, रंग गटारातून वाहत गेला, आणि तुम्ही लहान पोर कडेवर घेऊन बघत उभ्या होता.

"तुज्या तोंडून पटकीचं नाव निघायचं न्हाय," तुम्ही म्हणालात. "कुणाजवळबी. माज्या लेकाजवळबी न्हाय. त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाय. घे शपथ."

"घेतली."

"अशी न्हाय. हिच्या डोक्यावर हात ठेव."

पोर पाळण्यात झोपली होती. मी हलले नाही. तुम्ही सरपटत पाळण्यापाशी आलात, माझा हात ओढलात आणि तिच्या टाळूवर दाबलात. जिला तुम्ही जमिनीवर पाय ठेवू देत नव्हता, तिच्या टाळूवर! आत्याबाई, मला तुमच्या सगळ्या शिव्या माफ करता येतील. ही एक गोष्ट माफ करता येते का, ते मी रोज बघते. रोज वेगळं उत्तर येतं.

उजाडायच्या आत तुम्ही गेलात. तुम्ही सांगून ठेवलं होतं तसं मी सगळं केलं. वाकळ आणि चिंध्या चुलीत घातल्या, जमीन सारवली, तुम्हाला अंघोळ घातली. सकाळच्या गाडीनं तुमचा लेक आला, तो दारातच खाली बसला. मी म्हटलं, पोटात कळ आली आणि गेल्या. मग मी म्हटलं, लवकर उचला.

माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय बाईला उचलत नाहीत, माहेरच्या माणसानं तोंड बघितल्याशिवाय तर नाहीच. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि मी, घरची सून, म्हणतेय उचला. ओट्यावरच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. जितका वेळ तुम्ही घरात, तितके डोळे तुमच्यावर पडणार आणि कुणीतरी ओळखणार, एवढंच माझ्या डोक्यात. मी घाई करत गेले आणि लोकांना नको ते दिसत गेलं.

कुंभारीहून मामा लुगडं घेऊन आले. तोंडावरचं वस्त्र बाजूला केलं आणि जागचे हलले नाहीत. एका रात्रीत तुमचे गाल आत गेले होते, नखं निळी पडली होती. "परवा बाजारात भेटली तवा खडखडीत होती माजी अक्का," ते म्हणाले. मग चुलीकडं गेले, अर्धवट जळलेली वाकळ काठीनं उचलून सगळ्यांना दाखवली. "हे काय हाय? अक्काला इख घातलंय. मी न्हाय उचलू देत."

तिरडी बांधून तयार होती, ती तशीच राहिली आणि चौकीवरून फौजदार आला. झडती घेतली. मागापलीकडच्या देवळीत सोमलाची पुडी मिळाली. आता मला सांगा, खळीच्या वासानं उंदीर येतात, उभ्या सुताचे ताणेच्या ताणे कुरतडून टाकतात, सोमल नसलेलं विणकराचं घर आहे का कुठं? पुडी तुम्हीच आणलेली. पण त्या दिवशी सगळ्या सोलापुरात सोमल एकट्या माझ्याच घरात होता.

राजव्वाला विचारलं. ती पदर सारखा करून म्हणाली, "रोज भांडत होते की हो दोगी. ही बोलली, मरा एकदाच्या. मी माझे कानांनी ऐकली. खोटं कशाला बोलू?"

खोटं नव्हतंच बोलत.

तुम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं. ज्या दवाखान्याच्या भीतीनं जीव दिलात तिथंच, आणि फाडायला. मी बाहेर भिंतीला टेकून बसले होते, पोर मांडीवर. बऱ्याच वेळानं चष्मेवाले डॉक्टर बाहेर आले, तरुण होते, हाताला कार्बोलिकचा वास येत होता. माझ्यापुढं उकिडवे बसले आणि हळूच विचारलं, "बाई, जुलाब किती झाले? उलट्या?"

मी पोरीच्या टाळूकडं बघितलं. "न्हाय झाल्या. पोटात दुखलं, बस."

"त्यांच्या बोटांची कातडी सुरकुतलीय. दिवसभर धुणं धुतल्यासारखी. अंगातलं पाणी गेल्याशिवाय असं होत नाही."

"मला ठावं न्हाय."

ते उठले. मग फौजदाराला म्हणाले, "आत नुसतं पाणी आहे. पटकी असू शकते, सोमलही असू शकतो. दोन्हींत माणूस असंच मरतं, नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्या गल्लीत दुसरं कुणी आजारी आहे का, तेवढं बघून या."

जमादार दार न् दार फिरून आला. राजव्वाचा नवरा मल्लेशम दोन दिवस मागच्या खोलीत पडलेला. तुम्हीच मला सांगितलं होतंत, "तिचा माणूस पडलाय, बोलू नको." पलीकडं कोपऱ्यावरच्या घरात थोरली सून, समोरच्या म्हाताऱ्याचा लेक. प्रत्येक दारानं सांगितलं, आमच्यात कुणी न्हाय, देवाच्या दयेनं समदी बरी हायत. प्रत्येकाच्या मागावर काहीतरी होतं, प्रत्येकाला तेच औषधाचं पाणी आठवत होतं. सगळी गल्ली तुमच्यासारखीच हो, आत्याबाई. तुम्ही मलाच तेवढी शपथ घातलीत, त्यांना घालायची गरज पडली नाही.

फौजदार म्हणाला, "बघा डॉक्टर. पटकी असती तर एका म्हातारीला बरी शोधून आली असती?" झालं. मला पोरीसकट चौकीवर घेऊन गेले.

तुमच्या लेकानं तुम्हाला अग्नी दिला आणि संध्याकाळी गजाबाहेर येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. मला वाटलं पोरीला घ्यायला हात पुढं करील. तो म्हणाला, "शेवंते, खरं सांग. काय केलंस?"

मला तेव्हा सांगता आलं असतं. एकच शब्द होता. पोर माझ्या अंगाला लागून झोपली होती, तिच्या नाकातून बारीक शिट्टी वाजत होती. मी म्हटलं, "काय बी न्हाय केलं." तो मान हलवून निघून गेला. फासाची भीती वाटते हो, आत्याबाई. गळ्याला हात लावून लावून मी बसायची. पण त्यापेक्षाही तो पाठमोरा निघून गेला ते वाईट होतं.

बरणीची गोष्ट मला मागाहून कळली. अशी मेलेली बाई आली की पोटातले तुकडे स्पिरिटात घालून विष शोधायला मुंबईला पाठवायचे, ही तिथली रीत. पण स्पिरिटात जंतू मरून जातात. मग पटकी होती की नव्हती हे कोण सांगणार? म्हणून त्या डॉक्टरांनी एक बरणी स्पिरिटाची केली आणि दुसरीत हातभर आतडं तसंच, कोरडं, दोन्हीकडून बांधून ठेवलं. त्यातला थेंब स्वतः काचेवर घेतला, कसल्याशा पाण्यात वाढवला, आणि खात्री व्हावी म्हणून बरणी पुण्याला पाठवली. वरचे साहेब हसले म्हणे. "सोमल घरात सापडलाय, नसता उपद्व्याप कशाला?" डॉक्टर म्हणाले, सोमल असेल तर मुंबईवाले सांगतील. नसेल तर एक बाई फुकट फासावर जाईल.

पुण्याहून तार आली, पटकीच. मला सोडलं. फौजदारानं "जा" म्हटलं, एवढंच. पुढं मुंबईचंही उत्तर आलं, विष बिष काही निघालं नाही.

सुटल्यावर मी सरळ दवाखान्यात गेले. पायच तिकडं वळले. डॉक्टरांनी मला बारीक ते मोठं दाखवणाऱ्या नळीतून काचेवरचा थेंब बघायला लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग दिसले, बारके, वाकडे, शाळेत आम्हाला वाक्यात स्वल्पविराम द्यायला शिकवलं होतं तसे. आणि वळवळत होते. पळत होते. तुमची राख होऊन किती दिवस झाले होते, आणि तुमच्या पोटातलं ते इथं काचेवर जिवंत! मला त्या जंतूंच्याच पाया पडावंसं वाटलं. तुम्ही माझं तोंड शिवलंत आणि तुमच्या आतड्यानं सगळं सांगून टाकलं. मी काचेकडं बघून मोठ्यानं म्हटलं, "बोला, आता बोला!" डॉक्टरांना वाटलं माझं डोकं फिरलं.

जाताना त्यांना विचारलं. विचारायला नको होतं. "दवाखान्यात आणलं असतं तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्या संध्याकाळी? शिरेतून खारं पाणी चढवतात. खूप जण उठतात बाई. सगळे नाही. पण खूप जण."

तेव्हापासून मी तुमच्याशी भांडतेय. चुलीपाशी, मागापाशी, न्हाणीत. नेलेलं माणूस परत येत न्हाय म्हणालात. तुमच्यासारखी किती माणसं त्याच दारातून चालत परत आली असतील! तुम्हाला ते कसं पटवायचं होतं, हे मला आजही सुचत नाही. तुम्ही ऐकलं असतंत का? नसतंत. एवढं मला ठाऊक आहे, तरी मी रोज नव्यानं सांगते.

तार आली म्हणून नगरपालिकेची गाडी गल्लीत आली. आपलं सूत बुडवलं. मागावरचं लुगडं कापून नेलं. तुमचा लेक खाली मान घालून बघत राहिला आणि मग माझ्याजवळ येऊन उभा राहिला. इतर घरांनी आजारी माणसं माळ्यावर चढवली, ताण्यांच्या मागं निजवली, आणि दारात उभं राहून सांगितलं, आमच्यात कुणी न्हाय. मल्लेशम तोवर गेला होता. छातीत कळ आली म्हणून सांगितलं.

आणि चार-पाच दिवसांमागं राजव्वा मागच्या दारानं आली. भर दुपारी, डोक्यावर पदर ओढून. जिनं मला गजाआड पाठवलं ती माझ्या पायांशी बसली. "अय्यो शेवंता, तू रोज बोलते ते खारं पाणी घरी देता येतं का? तू डॉक्टरला विचारून ये. कोणाला बोलू नको गं. माझी पद्मा..."

मी गेले. पद्मा त्याच मागच्या खोलीत, बाप मेला त्याच बाजेवर. आठ-नऊ वर्षांची असेल. डोळे आत गेलेले, बोटं सुरकुतलेली. तुमची होती तशीच.

मी तिला उचललं. राजव्वानं दार अडवलं. "नको गं! सूत जाईल सगळं, आता कमावणारा कोण हाय? तुला तुझे पोरीची शपथ!"

बघा तरी, तिलाही तीच सापडली.

मी तिला खांद्यानं बाजूला ढकलून गल्लीत आले. पद्माचं अंग कपड्यासारखं लोंबत होतं. दारादारांत बाया उभ्या राहिल्या, कुणी पुढं येईना, टांगेवाला पोरीला बघून घोडा वळवायला लागला. मग माझ्या तोंडून निघालं. "पटकी हाय! पटकी हाय हिला! माज्या सासूला पटकी हुती, मल्लेशमला पटकी हुती, समोरच्या म्हाताऱ्याला आता हाय, समद्यांला ठावं हाय! टांगा दे!" एकदा निघालं ते थांबेना. दवाखान्याच्या दारापर्यंत मी ओरडतच होते. फासावर जातानाही मी जो शब्द बोलले नसते, तो सगळ्या रस्त्याला ऐकवला.

पद्मा वाचली. काल उठून पेज प्याली. म्हाताऱ्यालाही उचलून नेलं, त्याचं काही खरं नाही. गाडी पुन्हा आली, ह्या वेळी घर न् घर धुतलं, गटारातून सगळ्या गल्लीचे रंग वाहिले. राजव्वा भिंतीपलीकडून मला शिव्या घालते. पोर जिवंत परत आली तरी घालते, सूत गेलं म्हणून. तेलुगूत घालते, पण शिव्या कळतात.

आत्याबाई, हे सगळं ज्यासाठी सांगतेय ते आता सांगते. शपथ मोडली. गजाआड असताना मोडली नाही, तुमचा लेक तोंड फिरवून गेला तेव्हा मोडली नाही. परक्या पोरीसाठी मोडली, आणि शपथ घेताना हात माझ्या पोरीच्या टाळूवर होता.

कालपासून हिचं पोट बिघडलंय. सकाळी डॉक्टरांकडं नेऊन आणलं, ते म्हणाले, "दात येतायत, घाबरू नका." सगळ्याच बाया म्हणतायत दात येतायत. माझं मन काही ऐकत नाही. मी दर घटकेला तिची बोटं उजेडात धरून बघते. तुम्ही शपथेच्या फार पक्क्या, दुसऱ्यानं मोडलेलीही तुम्हाला खपायची नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा, न्यायचं तर मला न्या. पण हिच्याकडं हात करू नका हो. तुम्हीच तिला माझ्याकडं पाजायला द्यायचात, आणि लगेच परत मागायचात. आता मागू नका.